शोकेसमागचा दिवा

आमच्या स्टुडिओत फोटो काढायला आलेल्या माणसाला मी दोन गोष्टी सांगते. हनुवटी खाली घ्या आणि हसू नका. हसरा फोटो सरकारी कागदाला चालत नाही. डोळे उघडे ठेवा, ही तिसरी गोष्टही सांगायची असते, पण तोवर माझ्या भावाने बटण दाबलेलं असतं. मग तो गिऱ्हाइकावरच खेकसतो, "झोपायला आलात का इथे?" गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडे बघतं. मी म्हणते, "असू द्या हो, बसा पुन्हा. तो सगळ्यांनाच असं बोलतो." आणि यात खोटं काही नाही. तो बायकोला असंच बोलला, पोरीला असंच बोलला आणि मी थोरली बहीण असून मलाही सोडत नाही. फरक इतकाच की मी उलट बोलते.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पोरीचं, माझ्या भाचीचं. आत्ता ती पडद्यामागे कुणाच्या तरी अंगात स्टुडिओचा काळा कोट चढवतेय. तो एकच कोट आख्ख्या रस्त्याने घातलाय आणि त्याच्या बाह्या आजवर एकालाही बेताच्या झालेल्या नाहीत. ती मागून चिमटे लावते, खांदे सरळ करते, "दोन्ही कान दिसू द्या" म्हणते आणि फोटो काढते. गिऱ्हाइकं खूश असतात. पोरगी कशी गुणाची, बापाचा धंदा सांभाळते, असं मला सांगून जातात. मी मान डोलावते. त्यांना काय ठाऊक!

तिची आई घरातून गेली तेव्हा पोरगी इतकी लहान होती की स्टुडिओच्या खुर्चीवर बसवली तर पाय लोंबायचे. का गेली ते मला कुणी विचारत नाही, तरी सांगते. भावाच्या तोंडाला कंटाळून गेली. बायकोशी तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलायचा. नीट बस, नीट बघ, नीट हस. त्यातून तिचा आवाज गोड होता, चार माणसं तिच्याशी बोलायला थांबायची, तेही याला खपेना. एके दिवशी दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडली ती पडलीच. पोरीला नेलं नाही, म्हणून मी तिला पुष्कळ शिव्या घातल्या. अजूनही घालते. पण गेली म्हणून तिला दोष देणार नाही.

ती गेल्यावर भावाने काय केलं? रिटचिंगचं पातं काढलं. त्या पात्यावर त्याचा भारी अभिमान. चेहऱ्यावरचा तीळ, पुरळ, कपाळावरची जखम, काहीही तो असं खरवडून काढायचा की तिथे काही होतं असं कुणी म्हणणार नाही. त्याने बसून घरातल्या प्रत्येक फोटोतून बायको काढली. काही ठिकाणी खरवडली, काही ठिकाणी कापली. एका फोटोत पोरीच्या खांद्यावर नुसता हात राहिलाय, हाताचं माणूस नाही. तो फोटो कितीतरी वर्षं घरात टांगलेला होता. पोरगी जेवताना त्या हाताकडे बघायची आणि हा तिला म्हणायचा, "बघतेस काय? तुला टाकून गेली ती." पोरीकडून काही सांडलं, फुटलं, विसरलं की ठरलेलं वाक्य, "आईवर गेलीयेस." अंगाचा तिळपापड व्हायचा माझा. मी भांडायचे, तो दोन दिवस अबोला धरायचा, परत तेच.

निगेटिव्ह मात्र त्याने ठेवल्या. दया आली म्हणून नव्हे. जुन्या फोटोग्राफराच्या हातून निगेटिव्ह फेकली जात नाही, एवढंच. गिऱ्हाईक मेलं तरी त्याची निगेटिव्ह हा जपून ठेवतो, कुणी सांगावं, उद्या प्रिंट मागायला येईल! तशीच बायकोचीही डबी माळ्यावर इतर डब्यांमध्ये राहिली. त्याच्या लक्षातही नसावं. माझ्या होतं.

पोरगी फोटोग्राफीच्या कॉलेजात जाते म्हणाली, तेव्हा भावाने पटकन हो म्हटलं. त्याचा हिशेब सरळ होता. शिकून आली की घरचीच कामाला मिळेल. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एकमेकांचे फोटो काढायला लावले. बाकीच्यांनी अर्धे चेहरे काढले, सावल्या काढल्या, कुणी तर नुसते गुडघे काढले. आमचं ध्यान! तिने वर्गातल्या प्रत्येकाला सरळ बसवलं, हनुवट्या खाली करवल्या आणि दोन्ही कान दिसतील असे फोटो काढून दिले. भिंतीवर ते लागले तेव्हा वर्ग इतका हसला म्हणे की शिक्षकांनाही खोकला आला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं पासपोर्ट. "आली पासपोर्ट", "पासपोर्टला विचार, ती शिक्का मारून देईल." घरी येऊन तिने हे सगळं मला हसत हसत सांगितलं. मी नाही हसले. मी पोरीला ओळखते. ती जास्त हसते तेव्हा आत काहीतरी कुरतडत असतं.

मग तिला तो चित्रकार भेटला. मी त्याचं नाव ठेवलंय उजेडराव. माणूस मोठा, त्याची चित्रं बघायला लांबून लोक यायचे, आणि कॉलेजने या पोरांना एकदा त्याच्या जागेत नेलं. शहराबाहेर बंद पडलेली एक गिरणी होती, तिथे तो राहायचा, तिथेच चित्रं काढायचा. चित्रं सगळी डोंगर, नदी, शेतं, रस्ते यांची. पण पातळ कापडावर, दोन्ही बाजूंनी रंगवलेली. पुढून बघाल तर साधी दुपार, रिकामा पूल, बंद खिडक्या. मग तो मागचा दिवा हळूहळू वाढवायचा. कापडाच्या मागच्या बाजूला जे रंगवलेलं असेल ते उजेडाबरोबर पुढे यायचं. आभाळ काळवंडायचं, खिडक्या पेटायच्या, रिकाम्या पुलावरून कंदील घेऊन कुणीतरी चाललेलं दिसायचं. दिवा विझवला की पुन्हा दुपार आणि पूल रिकामा.

पोरगी घरी आली ती बोलेचना. ताटावर बसली, उठली, वाण्याच्या पुडीचा कागद घेऊन बल्बसमोर धरून उभी राहिली. म्हणाली, "आत्या, तो माणूस तिथेच होता. सगळा वेळ तिथेच होता. फक्त मागे होता." मला आधी वाटलं पोरीला ताप आलाय.

नंतर तिने जे सुरू केलं त्यात पुरतं वर्ष गेलं. स्टुडिओच्या मागे जुन्या वीटभट्टीची जमीन आहे. खड्डे, खड्ड्यांत साचलेलं पाणी, कडेने झुडपं. आम्ही तिला डबकीच म्हणतो. पोरगी जायची आणि त्या डबक्यांचे फोटो काढायची. सकाळी, दुपारी, ढग आले की, ढग गेले की. भाऊ म्हणायचा, "वा! आख्खी दुनिया सोडून चिखल. काय उजेड पाडतीये बघा." ते फोटो ती पातळ कागदावर फिके छापायची आणि त्याच कागदाच्या पाठीवर दुसरं काहीतरी गडद छापून बघायची. कधी झाड, कधी सायकल, कधी आमचा काळा कोट. मागे दिवा धरला की डबक्याच्या काठावर कोट उभा! मी पोट धरून हसले. ती नाही हसली. म्हणाली, "नाही गं आत्या. कुणीतरी पाहिजे इथे. कोण ते कळत नाहीये."

मला कळलं. मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढले, धुळीने शिंकून शिंकून बेजार झाले, आणि ती डबी काढून तिच्या हातात दिली. माझ्या हाताने दिली. विचारणाऱ्याला आजही तोंडावर सांगेन.

भाऊ घाऊक बाजारात कागद आणायला गेला असताना आम्ही दोघी त्याच्या रिटचिंगच्या टेबलाशी बसलो. वर दुधी काच, खाली ट्यूबलाइट, असं ते टेबल. पोरीने नवा केलेला कागद काचेवर ठेवला. डबकं, झुडपं, फिकं आभाळ, बाकी काही नाही. मग तिने खालची ट्यूब लावली. ट्यूब दोनदा फडफडली आणि डबक्याच्या काठावर माझी भावजय उभी राहिली. उन्हाला हात आडवा धरून लांब बघत होती, कुणाला तरी शोधत असावी तशी. कुठल्यातरी सहलीतला फोटो होता तो, मीच तेव्हा शेजारी उभी होते. माझे डोळे भरून आले, लपवायचं कशाला?

पोरगी काचेला नाक टेकेपर्यंत वाकली. "ही अशी दिसायची?"

"अशीच."

"माझ्यासारखी नाही दिसत."

"कान तुझेच आहेत," मी म्हटलं. "दोन्ही नीट दिसतायत. पासपोर्टला चालेल." तेव्हा कुठे ती हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती बराच वेळ थांबली नाही.

कॉलेजचं शेवटचं प्रदर्शन जवळ आलं. उजेडराव दरवर्षी ते बघायला यायचा आणि एका पोराला निवडून आपल्या गिरणीत घेऊन जायचा. तिथेच राहायचं, त्याच्या हाताखाली शिकायचं, पुढे स्वतःचं काम करायचं. पोरीचा सगळा जीव त्यात अडकला होता. एकदा कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "आत्या, त्यांनी नेलं तर मी परत येणार नाही. तुला राग येईल?" मी म्हटलं, "येईल. जा तू." आणि मनातून म्हटलं, देवा, एवढं एक कर. या घरातून एक बाई गेली ती तोंड लपवून गेली. ही दुसरी तरी ताठ मानेने जाऊ दे.

आणि नेमकं तेव्हाच भाऊ म्हणाला, "फ्रेमा मी करून देतो."

पोरीला काय आनंद झाला! बापाने आजवर तिच्या कामाला हात लावला नव्हता. तिने त्याला चार चार वेळा समजावलं. बाबा, मागून काचच लावा, मागची बाजू उघडी राहू द्या, मागून दिवा लागणार आहे. तो मान हलवत होता. मी पोरीला बाजूला घेऊन विचारलं, अगं, त्याने बघितलं तर? ती म्हणाली, "फोटो कोण पालथा करून बघतं? उजेडाशिवाय दिसतंय थोडंच. आणि प्रदर्शनात बघतीलच की. तिथे सगळ्यांसमोर बघू दे. कदाचित त्यांनाही बरं वाटेल." काय हा भाबडेपणा! पण मीही गप्प झाले, कारण माझी दाढ ठणकत होती आणि दुसऱ्या दिवशी ती उपटायला मला जायचं होतं. परत आले तेव्हा तोंडात कापूस आणि फ्रेमा खाकी कागदात बांधून तयार. भाऊ शीळ घालत होता. भाऊ आणि शीळ!

प्रदर्शनाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर आला. पोरगी वायरी, बल्ब, खोकी यांच्यामागे धावत होती. एक वायर कमी पडली. "तू जा, वायर आण, फ्रेमा मी लावतो," बाप म्हणाला. ती गेली. त्याने फ्रेमा भिंतीपासून हातभर पुढे, तिने रोवलेल्या दांड्यांना नीट ओळंब्यात टांगल्या. मी सुजलेला गाल धरून खुर्चीवर बसले होते आणि मनात म्हणत होते, नाही म्हटलं तरी बाप आहे. पोरगी धापा टाकत परत आली तोवर उजेडराव हॉलमध्ये शिरला होता.

या उजेडरावाची एक रीत होती. चित्र आवडलं तर तो समोर उभा राहायचा. नाही आवडलं तर बोलायचा नाही, ते भिंतीवरून काढायचा आणि तोंड भिंतीकडे करून परत टांगायचा. पोरं जीव मुठीत धरून उभी असायची. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याने बरीच तोंडं भिंतीकडे केली होती. मग तो थांबला. डबक्यांचे फोटो बघितले, दांडे आणि वायरी बघितल्या आणि म्हणाला, "हं. दिवा लावा."

पोरीने बटण दाबलं.

काही झालं नाही. म्हणजे दिवे लागले. फ्रेमांच्या कडेने उजेडाची एकेक रेघ बाहेर आली. मधे डबकी तशीच, मळकी, दुपारची. पोरीने बटण पुन्हा बंद करून लावलं. वायरी हलवून बघितल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पासपोर्टला हसायला बंदी असते," आणि सगळी पोरं फिस्सकन हसली.

उजेडरावाने पहिली फ्रेम उचलली आणि उलटी केली. मागे हार्डबोर्ड. हार्डबोर्डवर फोटो सरसाने पक्का चिकटवलेला, वरून काळा कागद, कडेला पट्टी आणि खाली कोपऱ्यात ठसठशीत निळा शिक्का. आमच्या स्टुडिओचा, फोन नंबरासकट.

"मागची बाजू मागची बाजू म्हणून एवढे दिवे लावलेत," उजेडराव म्हणाला, "ती हीच का?"

हॉल खो खो हसला. त्याने ती फ्रेम उलटीच टांगली. मग दुसरी, मग तिसरी. पोरगी म्हणाली, "सर, एक मिनिट, सर, मागे आहे हो काहीतरी," पण तो पुढची फ्रेम उलटी करत होता. सगळ्या उलट्या करून झाल्यावर तो तिला म्हणाला, "माझी नक्कल करायला हरकत नाही. पण निदान माझा दिवा तरी नीट बघायचा." आणि पुढे गेला. गुडघ्यांचे फोटो काढणाऱ्या पोराला त्याने निवडलं. दांड्यांवर आमचे शिक्के रांगेत लागले होते, आणि पोरं त्यासमोर उभी राहून एकमेकांचे फोटो काढत होती. हनुवटी खाली करून.

परतताना बसमध्ये मी भावाला इतकं बोलले की दाढेचे टाके तुटून तोंडात रक्त आलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला काय माहीत? मागून उघडं ठेवलं की धूळ जाते, वाळवी लागते. जन्मभर फोटो असाच चिकटवलाय. हात तसाच चालला." आणि पोरगी काय म्हणाली असेल? तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, आत्या. सवय आहे ती हाताची. त्यांनी प्रेमाने केलं." मला तिची इतकी कीव आली की मी पदराने तोंडातलं रक्त पुसत बसले.

पण ती चिवट. सरस पाण्यात सुटतो. काही दिवसांनी भाऊ बाहेर गेलेला बघून तिने डेव्हलपिंगचा मोठा ट्रे काढला, कोमट पाणी ओतलं आणि पहिला फोटो हार्डबोर्डासकट त्यात बुडवला. "एक जरी सुटला ना आत्या, तरी मी गिरणीत घेऊन जाईन. दारात बसेन. त्यांना बघावंच लागेल." बोर्ड फुगला, कडा सुटल्या, आणि तिने लहान पोराची अंघोळ करावी तसा तो कागद हळूच सोडवून उलटा केला.

आई होती. अंग होतं, कपाळावर आडवा धरलेला हात होता. हाताखाली चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी गोल पांढरी जागा, खरवडलेली. काम असं सफाईदार की कुठे एक कागदाचा धागा सुटलेला नाही. हे या घरात एकाच माणसाच्या हाताला जमतं.

मला सगळं दिसलं. त्याने फ्रेम करायला घेतली तेव्हा मनात काही नसेल, इतकं मी त्याच्या पदरात टाकते. कागद साफ करायला दुधी काचेवर ठेवला असेल, ट्यूब लावली असेल. मग पातं. मग एकेक खरवडत बसायचा कंटाळा आला असेल, किंवा तिच्याकडे बघवलं नसेल, आणि बाकीचे सरळ बोर्डाला चिकटवून टाकले. आणि शीळ घातली. आणि शर्टाला इस्त्री करून बघायला आला!

मी उठले. आज त्याचं तोंडच सोलते म्हटलं. पोरीने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. "आत्या, एक शब्द बोलायचा नाही." आवाज तिचा नव्हता. तिने तो कागद दोरीवर चिमट्याने वाळत घातला, ट्रे धुतला, फडका पिळून टाकला. बाकीच्या फ्रेमा तिने सोडवल्याच नाहीत, गिरणीचं नावही पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर ती काउंटरवर बसायला लागली. फोटो काढते, कापते, पाकिटात घालते. बापाला "हो बाबा" म्हणते. भाऊ चार लोकांत सांगायचा, "आली ताळ्यावर. मोठी उजेड पाडायला निघाली होती." ती ते ऐकायची आणि कात्री चालवत राहायची. मला वाटलं, संपली पोरगी. एकदा बरणीचं झाकण लावताना मी उगाचच रडले.

मग भावाला हौस आली. स्टुडिओच्या दर्शनी शोकेसमध्ये आजवर गिऱ्हाइकांचेच फोटो लागले. नव्या जोड्या, गुटगुटीत बाळं. आता आपला फोटो पाहिजे. मोठा, कोरीव पाठीच्या खुर्चीत बसलेला, मालकासारखा. पोरगी म्हणाली, "मी काढते, बाबा." त्याने दाढी घोटून केली, काळा कोट घातला. त्यालाही बाह्या झाल्या नाहीत. पोरीने चिमटे लावले. "हनुवटी खाली, बाबा. डोळे उघडे ठेवा." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ते सांगत होतं.

फोटो लागला आणि छान दिसला, खोटं कशाला बोलू. जरा फिका होता, पण बापाला वाटलं हीच नवी पद्धत असेल. दिवसा चार वेळा बाहेर जाऊन तो स्वतःला बघून यायचा. शोकेसमधला, फोटोमागचा दिवा संध्याकाळी लावायचा, त्याचं बटण आत काउंटरपाशी आहे, आणि ते दाबायचा मान त्याचाच. संध्याकाळी सुटणाऱ्या ऑफिसांची गर्दी असते, तेव्हा तो कॅमेरा सोडून हलत नाही.

मी बाहेरून बघितलं ते शिंप्याकडे दोरा आणायला समोर गेले तेव्हा. शिंपी मशिन थांबवून बघत होता, औषधवाला पायरीवर आला होता. आमच्या शोकेसमध्ये दिवा लागला होता, आणि कोरीव पाठीच्या खुर्चीत माझा भाऊ नव्हता. माझी भावजय बसली होती. चेहऱ्यासकट, दोन्ही कानांसकट, हसत. त्याच खुर्चीत काढलेला तिचा जुना फोटो. एवढी दाट छपाई की पुढचा भाऊ उजेडात पार विरघळून गेला होता.

मला आधी इतका आनंद झाला की शिंप्याच्या टेबलावर मी हात आपटला. मग तोच हात मी तोंडावर ठेवला. कारण हे रोज होत होतं. रोज संध्याकाळी तो स्वतःच्या हाताने बटण दाबायचा आणि रस्त्यासमोर स्वतःला पुसायचा, आणि त्याला सांगणारं कुणी नव्हतं. या रस्त्यावर तो ज्याच्यावर खेकसला नाही असं एकही माणूस नाही. सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं. उलट, "काय फोटो लागलाय तुमचा!" म्हणून त्याला आणखी फुलवायचे. पोरं तर ठरवून थांबायची. भाऊ काचेतून गर्दी बघून मला म्हणायचा, "बघ ताई, माणसं उभी राहून बघतायत." पोरगी मान खाली घालून पाकिटं चिकटवत असायची.

एका संध्याकाळी त्याला राहवेना. म्हणाला, "ताई, आज तू दाब बटण. मी समोरून बघून येतो." आणि रस्ता ओलांडून शिंप्याच्या दारात जाऊन उभा राहिला, शर्टाची कॉलर नीट करत. माझं बोट बटणावर होतं. नको, असं क्षणभर वाटलं. धाकटा भाऊ आहे, म्हातारा झालाय. मग मला प्रदर्शनातले ते निळे शिक्के आठवले. मी दाबलं.

तो किती वेळ तिथे उभा होता कुणास ठाऊक. शिंप्याची पोरं दात काढत होती. परत आला तेव्हा चेहरा चुन्यासारखा. सरळ आत जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, बाहेर गर्दी जमली, आणि दिवा लागेना. भाऊ काउंटरमागे उभा होता. त्याच्या हातात पातं होतं. पोरीने बघितलं. गिऱ्हाईक समोर कोट घालून बसलेलं, तरी ती आवाज न चढवता म्हणाली, "खरवडा ना बाबा. निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. उद्या दुसरा लावेन."

त्याचे ओठ हलले. "पोरी," एवढंच म्हणाला.

"लोक थांबलेत," ती म्हणाली. "दिवा लावा."

त्याने लावला. तेव्हापासून रोज लावतो. विसरत नाही, आणि विसरल्याचं सोंग केलं तर ती आठवण करते, अगदी गोड आवाजात. आवाज आईचा घेतलाय तिने. मी एकदा तिला म्हटलं, पुरे कर गं आता, बाप आहे तो. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी, कुणाच्या बापाला न भिणारी बाई, तिथून उठून चहा करायला गेले.

आत्ता ऑफिसं सुटतायत. पडद्यामागचं गिऱ्हाईक कोट उतरवतंय. भाऊ बाकावर बसलाय, भिंतीकडे तोंड करून.

"बाबा," ती आतून म्हणतेय, "दिवा."